लिम्फा : रोमन लोकांच्या पाण्यातल्या देवी, नावाचं मूळ आणि बदलत गेलेले अर्थ

जुनीबखर
लॅटिनमधे झऱ्यातल्या, विहिरीतल्या देवींना एक नाव आहे, लिम्फा. अनेकवचन लिम्फाए. आपल्याकडे हा शब्द पोचला तो दवाखान्यामार्फत, लिम्फ नोड सुजलीय वगैरे, पण त्याच्या आधी दीड-दोन हजार वर्षं तो पाण्याचा आणि पाण्यात वस्ती करणाऱ्या बायांचा शब्द होता, त्याबद्दल बोलायला हा धागा.

सगळीकडे एका ओळीत सांगून मोकळे होतात की रोमनांनी ग्रीकांची निम्फ, म्हणजे झरे-झाडं-डोंगरात राहणारी तरुण देवी, उचलली, न चा ल झाला, झाली लिम्फा. मला हे अर्धंच पटतं. माझं म्हणणं असं की ही बाई मुळात इटलीच्या मातीतलीच, शेताला पाणी देणारी, आणि ग्रीक कपडे तिला नंतर घातले गेले. ते कपडे घातल्यावर तिचा स्वभावसुद्धा बदलला, ते पुढे लिहितो.

पहिली गोष्ट स्पेलिंगची. हा शब्द लॅटिनमधे लुम्पा, लिम्पा अशा साध्या रूपातही सापडतो. निम्फमधे असतं ते ग्रीक अक्षर उप्सिलॉन आणि तो फ हे दोन्ही लॅटिन लिहिण्यात उशिरा आले, रोमनांना ग्रीक वळणाची हौस लागली त्या काळात. म्हणजे निदान लिहिण्यात तरी निम्फकडे बघून लिम्फा सजवलेली आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इटलीत मोलीझे भागात आन्योने नावाचं गाव आहे, त्या परिसरात १८४८ साली ब्राँझचा एक छोटा पत्रा सापडला, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, सध्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधे आहे. भाषा लॅटिन नाही, ऑस्कन आहे, म्हणजे लॅटिनची शेजारीण, त्या डोंगरात राहणाऱ्या साम्नाइट लोकांची. त्यावर धान्याच्या देवीच्या राईत कुणाकुणाची वेदी आहे त्याची यादी आहे आणि त्या यादीत दिउम्पाइस असा शब्द आहे, म्हणजे 'दिउम्पांना'. हीच ती. ल च्या जागी द.

आता द चा ल कसा होईल असं वाटेल, पण लॅटिनमधे हे होतं. जिभेला लॅटिन शब्द लिंग्वा, त्याचं जुनं रूप दिंग्वा. अश्रूला लाक्रिमा, जुनं दाक्रुमा. आणि आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे नवऱ्याचा भाऊ, संस्कृत देवर, मराठीत दीर, तोच लॅटिनमधे लेविर. तिथेही द चा ल. त्यामुळे दिउम्पा आणि लुम्पा ही एकाच घरातली नावं आहेत हे मानायला काही अडचण नाही.

पाणक्या
मस्त विषय. दीर आणि लेविर वाचून उडालोच. पण एक शंका, ऑस्कन लोकांचा दक्षिण इटलीतल्या ग्रीक वसाहतींशी भरपूर संबंध होता ना, मग दिउम्पा हीच निम्फवरून आलेली नसेल कशावरून? म्हणजे ग्रीक निम्फे, तिथे न आणि म दोन्ही नाकातले आवाज जवळजवळ आले की बोलताना एक बदलतो, हे सगळ्या भाषांत होतं, आपल्याकडे निंब आणि लिंब दोन्ही म्हणतातच की.

जुनीबखर
@पाणक्या, अगदी हाच दुसऱ्या बाजूचा मुद्दा आहे आणि तो कमजोर नाहीये. अभ्यासकांमधे दोन्ही मतं आहेत. निंब-लिंब हे उदाहरण तर एकदम चपखल, न चा ल होण्याचं आपल्याच तोंडातलं.

मी पहिल्या बाजूला झुकतो ते फक्त आवाजामुळे नाही, कामामुळे. ग्रीक निम्फे म्हणजे आधी नवरी, लग्नाच्या वयाची तरुण मुलगी, मग त्यावरून डोंगर, झाडं, झरे यात राहणाऱ्या तरुण देवी. म्हणजे ग्रीक शब्दात बाई आधी आणि पाणी मागून. लिम्फाचं उलट आहे, ती आधी पाणी आहे. व्हर्जिल या रोमन कवीच्या महाकाव्यात पहिल्याच सर्गात डिडो राणीकडे मेजवानी आहे, तिथे नोकर पाहुण्यांच्या हातावर 'लिम्फा' घालतात, म्हणजे हात धुवायला साधं पाणी. निम्फ हातावर घालत नाहीत. लॅटिनमधे लिम्पिदुस म्हणून विशेषण आहे, नितळ, तळ दिसेल असं, तेही बहुतेक याच कुळातलं.

आणि आता माझी सगळ्यात आवडती जागा. वार्रो नावाचा प्रचंड विद्वान माणूस, त्याने ख्रिस्तपूर्व ३७ च्या सुमारास, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, शेतीवर पुस्तक लिहिलं, बायकोसाठी, फुंडानिया तिचं नाव, तिने जमीन विकत घेतली होती आणि ती कसायची कशी हे तिला सांगायचं होतं. सुरुवातीला तो देवांना वंदन करतो, पण बजावतो की शहरात चौकात ज्यांचे सोन्याचे मुलामे दिलेले पुतळे आहेत ते बारा देव नव्हेत, शेतकऱ्याच्या कामाचे बारा. सहा जोड्या आहेत. आकाश आणि भूमी, सूर्य आणि चंद्र, धान्य आणि द्राक्ष, तांबेरा रोगाचा देव आणि फुलोऱ्याची देवी, मग मिनर्वा आणि व्हीनस ऑलिव्हसाठी आणि बागेसाठी. शेवटची जोडी लिम्फा आणि बोनुस एव्हेंतुस, म्हणजे पाणी आणि चांगलं फळ हाती येणं. कारणही देतो, की पाण्याशिवाय शेती कोरडी आणि केविलवाणी, आणि हाती काही आलं नाही तर ती शेती नव्हे, नुसती फसगत.

हे वाचल्यावर मला ती ग्रीक नाचणारी मुलगी वाटतच नाही. तिचं लग्न नाही, प्रेमप्रकरण नाही, कथाच नाही. ती शेतावरचं पाणी आहे.

कृष्णाकाठ
तांबेऱ्याला देव?? गव्हाचा तांबेरा?

जुनीबखर
हो, रोबिगुस. २५ एप्रिलला त्याचा सण असायचा, पिकाला तांबेरा लागू नये म्हणून. तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे, पण हेच सांगतो की वार्रोच्या यादीत लिम्फा कुणाच्या शेजारी बसलीय ते बघा.

बारव
वार्रोची फसगतीची ओळ काळजाला लागली. आमच्याकडे बीड जिल्ह्यात ज्याच्या विहिरीला फेब्रुवारीनंतर पाणी राहत नाही त्याला हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या म्हाताऱ्याने लिहिलंय असं वाटणारच नाही.

पण मला विचारायचं होतं ते साती आसरांबद्दल. आमच्या भागात विहिरीच्या काठाला, ओढ्याच्या डोहापाशी सात दगड शेंदूर लावून मांडलेले असतात, हिरव्या बांगड्या, खण, हळदीकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. विहीर खोदताना पाणी लागलं की आधी त्यांचं करायचं मग आपलं. आसरा म्हणजे अप्सरा हे तर सगळ्यांना माहितीये. मग या आसरा आणि लिम्फा यांचं नातं आहे का काही?

जुनीबखर
@बारव, शब्दाचं नातं नाही. अप्सरामधला 'अप्' म्हणजे पाणी, यास्काने निरुक्तात अप्सरेला अप्सारिणी म्हटलंय, पाण्यातून सरणारी. लिम्फाचा धातू वेगळा. पण कामाचं साम्य विलक्षण आहे आणि मला वाटतं लिम्फा समजून घ्यायला ग्रीक कथांपेक्षा आसराच जास्त उपयोगी पडतात. इंद्राच्या दरबारातली रंभा-उर्वशी आणि विहिरीवरची आसरा, नाव एकच पण केवढा फरक, पहिलीच्या कथा आहेत आणि दुसरीला दहीभात आहे. ग्रीक निम्फ आणि शेतावरची लिम्फा यांच्यात मला तोच फरक दिसतो.

रोमनांकडे तर १३ ऑक्टोबरला फोंतिनालिया असायचा, झऱ्यांचा सण. झऱ्यात फुलांच्या माळा टाकायच्या आणि विहिरींना माळा घालायच्या, हे वार्रोनेच नोंदवलंय.

मोगरा
आसरांची दुसरी बाजू पण आहे ना. माझी आजी आम्हाला भर दुपारी विहिरीवर जाऊच द्यायची नाही, विशेषतः मुलींना. 'आसरा लागतील' म्हणायची. बाळंतीण बाईला तर अजिबात नाही. गावात कुणी बाई एकदम गप्प झाली किंवा घुमायला लागली की पहिला प्रश्न, पाण्यावर गेली होती का. लिम्फा अशा लागतात का कुणाला?

जुनीबखर
@मोगरा, लागतात, आणि तिथेच तो शब्द वळण घेतो. मी वर म्हटलं ना, ग्रीक कपडे घातल्यावर स्वभाव बदलला, ते हेच.

ग्रीकांकडे निम्फोलेप्तोस असा शब्द होता, निम्फांनी धरलेला, झपाटलेला. हे धरणं नेहमी वाईटच असायचं असं नाही. अथेन्सच्या दक्षिणेला वारी गावाजवळ डोंगरात एक गुहा आहे, तिथे ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात आर्खेदामोस नावाच्या माणसाने, हा थेरा बेटाचा, आता सांतोरिनी म्हणतात ते, निम्फांच्या सांगण्यावरून ती गुहा सजवली आणि खडकावर स्वतःला निम्फोलेप्तोस असं कोरून ठेवलं. हातात हत्यार घेतलेली त्याची आकृती पण आहे तिथे. म्हणजे अभिमानाने सांगतोय, मला त्यांनी धरलंय. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस इलिसोस नदीच्या काठी झाडाखाली बसून बोलतो आणि म्हणतो की माझ्या बोलण्याला वेगळीच लय यायला लागली तर नवल मानू नकोस, ही जागा अशी आहे की मला निम्फा धरतील.

रोमनांना या शब्दाला प्रतिशब्द हवा होता, त्यांनी लिम्फातुस केला. वार्रो स्पष्ट लिहितो की ग्रीसमधे ज्यांना निम्फोलेप्तोस म्हणतात त्यावरून आपल्या लोकांनी लिम्फातुस हा शब्द काढला. पण अर्थ सरकला. ग्रीक माणसात दैवी स्फूर्तीची छटा होती, लॅटिन लिम्फातुस म्हणजे सरळ वेडा, बेभान, भीतीने सैरावैरा झालेला. फेस्तुस नावाच्या कोशकाराने लोकांची समजूत लिहून ठेवलीय की ज्याने झऱ्यातून वर येणारी आकृती, म्हणजे निम्फेचं रूप, पाहिलं त्याचं वेड मग कधी थांबत नाही. आजींचा 'पाण्यावर गेली होती का' हा प्रश्न रोमन आजीनेही विचारला असता.

पाणक्या
होरेस या रोमन कवीच्या क्लिओपात्रावरच्या कवितेत आहे ना हा शब्द. अॅक्टियमची लढाई हरली त्यानंतरची कविता, ख्रिस्तपूर्व ३१ ची लढाई. तिथे तो म्हणतो की तिचं मन इजिप्तमधल्या मारेओतिस तळ्याकाठच्या दारूने 'लिम्फाताम' झालं होतं. गंमत अशी की शब्द पाण्याच्या देवीचा आणि झपाटलंय दारूने. होरेस शब्द फार जपून वापरतो, त्यामुळे हे मुद्दाम केलेलं असणार असं मला वाटतं.

जुनीबखर
@पाणक्या, वा, ही जोड मला पण तशीच वाटते. आणि दारू-पाण्याची ही जोडी रोमन लोकांच्या बोलण्यातच होती. संत ऑगस्टीन वार्रोचं एक वाक्य देतो, की कुठला देव कशासाठी हे माहीत पाहिजे, नाहीतर आपण नाटकातल्या विदूषकांसारखं करू, लिबेरकडे पाणी मागू आणि लिम्फांकडे दारू. लिबेर म्हणजे द्राक्षाचा देव. म्हणजे प्रेक्षक हसायचे याचा अर्थ लिम्फा कोण हे साध्या माणसाला पक्कं माहीत होतं.

कृष्णाकाठ
या देवीची देवळं वगैरे काही शिल्लक आहेत का? रोमला गेलं तर बघायला मिळेल असं काही?

जुनीबखर
@कृष्णाकाठ, आहे, आणि एकदम मध्यावर आहे. रोमन फोरममधे, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकात, कॅस्टर देवाच्या देवळाचे तीन उंच खांब उभे आहेत, त्याच्या शेजारीच युतुर्ना या झऱ्याच्या देवीचं कुंड आहे, झऱ्याचं चौकोनी टाकं. १९०० साली जाकोमो बोनी या पुरातत्त्वज्ञाने ते उकरून काढलं. वार्रो हिला थेट 'लिम्फा युतुर्ना' म्हणतो. नावाची फोड अशी करतो की युवारे म्हणजे मदत करणे, मदत करते ती युतुर्ना, आणि म्हणून आजारी लोक या झऱ्याचं पाणी मागतात. व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही, पण लोक पाणी न्यायला येत होते ही माहिती खरी आहे, फ्रोंतिनुस पण सांगतो तेच. हा रोमच्या पाणीखात्याचा प्रमुख होता. तो लिहितो की शहर वसल्यापासून ४४१ वर्षं रोमन लोक तिबेर नदी, विहिरी आणि झरे यांच्यावरच भागवत होते, त्या झऱ्यांची आठवण अजून पूज्य मानतात, आजाऱ्यांना त्याने बरं वाटतं असं मानतात. आणि नावं देतो त्यात युतुर्ना आहे. ४४१ वर्षांनंतर म्हणजे ख्रिस्तपूर्व ३१२ मधे पहिला कालवा आला, आक्वा आप्पिया. म्हणजे बाहेरून पाटाचं पाणी आलं तरी जुन्या झऱ्याला माणसं विसरली नाहीत. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, कारण पाण्याची सोय झाली की आधी विहीर बुजते आणि मग तिच्या काठचे दगड जातात, हे आपण आपल्या गावांतून बघतोय.

युतुर्नाचा सण ११ जानेवारीला, आणि तो पाळायचे कोण, तर ज्यांचं काम पाण्याशी आहे ते कारागीर. व्हर्जिलने तिला पुढे तुर्नुस राजाची बहीण केली, भावासाठी रथ हाकते, शेवटी भाऊ वाचत नाही म्हणून डोक्यावरून निळं वस्त्र घेऊन नदीत उतरते आणि म्हणते मला अमरपण दिलंच कशाला. झऱ्याला कथा मिळाली ती अशी.

नाडी
मी डॉक्टर आहे, दवाखान्यातल्या लिम्फबद्दल मी लिहितो/लिहिते ते राहिलंय म्हणून.

शरीरातल्या केशवाहिन्यांमधून रोज द्रव बाहेर झिरपतो, त्यातला बराचसा परत रक्तात जातो पण दिवसाला साधारण २-३ लिटर उरतो, तो गोळा करून परत रक्तात सोडायचं काम ज्या बारीक नळ्या करतात त्या लसिकावाहिन्या, लसिका म्हणजेच लिम्फ. त्या जवळजवळ पारदर्शक असतात म्हणून कित्येक शतकं त्यांच्याकडे कुणाचं नीट लक्षच गेलं नाही. १६२२ मधे इटलीत गास्पारे असेल्ली याला नुकतंच खाल्लेल्या कुत्र्याच्या पोटात पांढऱ्या दुधासारख्या नळ्या दिसल्या, त्यात चरबी होती म्हणून दिसल्या. नितळ द्रवाच्या नळ्या सापडायला अजून तीस वर्षं गेली. १६५२ मधे स्वीडनच्या ओलोफ रुडबेकने ख्रिस्तिना राणीसमोर त्या दाखवल्या, वय फक्त बावीसच्या आत-बाहेर, आणि १६५३ मधे कोपनहेगनच्या थॉमस बार्थोलिनने पुस्तक छापलं. पहिला कोण यावरून दोघांत कडाक्याचं भांडण झालं. रुडबेकने नाव ठेवलं होतं 'पातळ द्रवाच्या वाहिन्या' अशा अर्थाचं. बार्थोलिनने ठेवलं वासा लिम्फातिका. टिकलं बार्थोलिनचं. त्याला देवी अभिप्रेत नव्हती, नितळ पाणी एवढाच अर्थ हवा होता, म्हणजे व्हर्जिलच्या हात धुवायच्या पाण्याचाच. त्याच बार्थोलिनने यकृताचा मृत्युलेख लिहिला होता, कारण यकृतात रक्त तयार होतं ही गेलेन या प्राचीन ग्रीक वैद्याची जुनी कल्पना या शोधाने मोडली असं त्याचं म्हणणं.

आणखी एक. जुन्या वैद्यकात माणसांच्या प्रकृती ठरवायचे त्यात एकोणिसाव्या शतकात लिम्फॅटिक प्रकृती म्हणजे सुस्त, थंड, फिकट माणूस. वर लिम्फातुस म्हणजे बेभान, आणि इथे बरोब्बर उलटं.

मोगरा
डॉक्टर, लसिका हा शब्द आणि लस टोचतात ती, यांचा संबंध आहे का? जखमेतून लस गळते म्हणतो तीच का ही?

नाडी
@मोगरा, हो, आणि यात मुंबई येते. देवीच्या रोगावर लस काढणाऱ्या जेन्नरच्या पद्धतीत गाईला होणाऱ्या देवीच्या फोडातला नितळ द्रव घ्यायचे, त्याला त्या काळी इंग्रज डॉक्टर लिम्फच म्हणायचे. मराठीत फोडातून, जखमेतून येणाऱ्या तशा पाण्याला लस म्हणतात, टोचायच्या औषधालाही तेच नाव मिळालं. हिंदुस्थानात पहिली लस टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ ला, अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. बाटलीतून आणायची सोय नव्हती, वाटेत वाळून जायची, म्हणून एका माणसाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडात असं करत करत ती बगदाद, बसऱ्यामार्गे आली. त्या मुलीच्या दंडावरच्या लसेतून मुंबईत पुढच्या मुलांना, आणि तिथून देशात इतरत्र.

आज लस म्हटल्यावर आपल्याला कुपी दिसते. त्या वेळच्या माणसाला फोडातलं पाणी दिसत होतं, त्यामुळे शब्द अगदी रास्त होता.

बारव
आणि रोगाचं नाव देवी! देवी काढायला नेतात म्हणायचे जुने लोक.

पाणक्या
जाता जाता, उंडीन म्हणतात ती पाण्यातली परी पण लॅटिनच ना? ती यांच्यापैकीच का?

जुनीबखर
@पाणक्या, शब्द लॅटिनच्या उंदा म्हणजे लाट यावरून, पण रोमनांना उंडीन माहीत नव्हती. ती पॅरासेल्सस या स्विस वैद्याने सोळाव्या शतकात घडवली, त्याच्या निम्फांवरच्या पुस्तकात, ते तो गेल्यावर १५६६ मधे छापलं गेलं. त्याच्या मते या पाण्यातल्या बायांना आत्मा नसतो, माणसाशी लग्न केलं तर मिळतो. उंदा आणि आपलं उदक मात्र खरोखर एकाच मूळाचे, तिथे नातं आहे. लिम्फाच्या बाबतीत लग्न, आत्मा असलं काही कुणी विचारलंच नाही, तिला पाणी मागायचे.

@मोगरा, लागण्याबद्दल एक राहिलं होतं. सातव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हियाचा बिशप इसिदोर लिम्फातिकुसचा अर्थ देतो पाण्याला घाबरणारा, म्हणजे ग्रीक लोक ज्याला हायड्रोफोबिया म्हणतात तो, कुत्रं चावल्यावर होणारा. तोवर झऱ्यातल्या बाईची समजूत मागे पडली होती पण पाण्याशी जोडलेलं वेड शब्दात शिल्लक होतं, ते त्याने या आजाराला लावलं.

कृष्णाकाठ
इटालियनमधे आता काय म्हणतात? आहे का शब्द वापरात?

जुनीबखर
आहे, लिन्फा. वैद्यकातली लसिका तर आहेच, पण रोजच्या बोलण्यात लिन्फा म्हणजे झाडाच्या खोडातून वर चढणारा रस. द्राक्षाच्या वेलाची छाटणी केली की वसंतात कापलेल्या जागेतून पाणी ठिबकतं, त्यालाही हाच शब्द. वार्रोने ज्यांच्यासाठी तिचं नाव घेतलं होतं त्यांच्यात ती अजून चालू आहे.

@बारव, तुमच्या भागातल्या आसरांच्या सातही जणींची नावं कुणी सांगतं का अजून? मत्सी, कूर्मी, कर्कटी, मकरी अशी, म्हणजे मासा, कासव, खेकडा, मगर, पाण्यातल्या जिवांवरून पडलेली नावं छापील पुस्तकांत मिळतात, पण गावात बायका काय म्हणतात ते हवंय.

बारव
आमच्याकडे नावं घेत नाहीत. सगळ्यांना मिळून माउल्या म्हणतात. चुलतीला विचारून बघतो, तिच्या माहेरी गोदावरीच्या काठाला गाणी आहेत त्यांची, त्यात असतील तर इथेच टाकतो.